लाईट गेल्यावर खबर कुणी न्यायची? : प्रकल्प नोंदी

(गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. नोंदी ठेवणारी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि गावच्या आपत्ती व्यवस्थापन समितीत काम करते.)

३० एप्रिल २०२५, बुधवार

सोमवारी स्पेन आणि पोर्तुगालची लाईट एकदम गेली. तिथे दुपारचे १२.३३ वाजले होते, आपल्याकडे चार. पाच सेकंदांत सुमारे १५,००० मेगावॅट वीज जाळ्यातून गेली. कोयनेचे सगळे टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह धरून १,९६० मेगावॅट होतात. म्हणजे अशा साडेसातहून जास्त कोयना पाच सेकंदांत बंद. सगळं पूर्ववत व्हायला मंगळवारची पहाट उजाडली.

बातम्यांमधलं एक चित्र डोक्यातून जात नाही. भर शहरात माणसं एका ट्रान्झिस्टरभोवती घोळका करून उभी आहेत. मेट्रो, लिफ्ट, सिग्नल बंद पडणार हे समजू शकतं. पण काय झालंय, किती वेळ चालणार, घरची माणसं कुठे आहेत, हे कळायलाच मार्ग नव्हता. २०१९ च्या पुरात आपण हेच भोगलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) पाण्यात जाणार म्हणून लाईट आधीच बंद केली, मग टॉवर गेला, आणि गावठाणातल्या माणसाला मळ्यातल्या भावाची खबर कळेना.

उद्या ग्रामसभा आहे. विषय एकच मांडायचा. सगळ्या भागाची लाईट दोन-तीन दिवस गेली तर गावात खबर कशी फिरेल?

१ मे, गुरुवार

ग्रामसभेत पहिलाच प्रश्न आला, "लाईट आपल्याकडं रोजच जातीया मॅडम, त्यात प्रकल्प कसला?"

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर सगळ्यांना पटेपर्यंत सांगायला हवं. आपली डीपी उडते तेव्हा शेजारच्या गावात लाईट असते. टॉवर त्याच्या बॅटरीवर काही तास निघतो, गिरणी बंद असली तर माणूस पलूसला जातो, पेट्रोल पंप चालू असतो. सगळीकडची गेली की जायला शेजारचं गावच उरत नाही. टॉवरची ४८ व्होल्टची बॅटरी उतरते, जनरेटरचं डिझेल संपतं, डिझेल आणणारी गाडी ज्या पंपावर जाते तोही बंद. एकाला एक लागून पडत जातं.

२०१२ चं उदाहरण दिलं. ३० आणि ३१ जुलैला उत्तर भारताची लाईट सलग दोनदा गेली, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारताचीही. साठ कोटींच्या वर लोकांना झळ बसली. आपलं पश्चिम जाळं त्यात वाचलं, म्हणून आपल्याला ते फक्त बातमीत दिसलं.

मागून एक तरुण म्हणाला, "आमच्या घरावर सोलर बसवलंय, आम्हाला काय नाय." हे बऱ्याच घरांचं झालंय. छतावरचं साधं सोलर ग्रीडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, जोडलेलं असतं. ग्रीड मेलं की त्याचा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो, आणि व्हायलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच घराचा करंट बसेल. ऊन कडकडीत असलं तरी बॅटरीवाला वेगळा इन्व्हर्टर नसेल तर घरात दिवा लागणार नाही. सभेत शांतता पसरली. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचंही तेच, वारा कितीही असो, जाळं मेलं की त्या वीज देऊ शकत नाहीत. पाण्यावरचं वीजकेंद्र मात्र बाहेरच्या विजेशिवाय सुरू करता येतं. स्पेनमध्येही आधी जलविद्युत केंद्रं उठवली आणि फ्रान्स-मोरोक्कोकडून लाईन जोडून घेतली. मग एकेक भाग सावकाश जोडत नेला, घाई केली तर पुन्हा पडतं. म्हणून मोठी लाईट गेली की "तासाभरात येईल" असं कुणी कुणाला सांगू नये.

ठराव झाला. ग्रामपंचायतीने बॅटरी आणि भोंगा आमच्या हवाली केला.

५ मे, सोमवार

आज मोजमाप. वायरमन दादा, पाणीपुरवठ्याचे आबा आणि मी.

पंचायतीत १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी आहे. कागदावर १,८०० वॉट-तास. निम्म्याखाली उतरवायची नाही असं धरलं तर हातात ९००. पाच हजार एमएएचचा एक फोन भरायला गळती धरून तीसेक वॉट-तास जातात. म्हणजे सगळी बॅटरी फोनवर खर्च केली तर तीस फोन, की संपली. त्याच बॅटरीवर ६० वॉटचा अँप्लिफायर थेट १२ व्होल्टला जोडून दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं बोललं तर रोज १५ वॉट-तास. दोन महिने बोलता येतं.

हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा आबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मंग फोन चार्जिंगला पंचायतीत कुणाला हात लावू द्यायचा न्हाय." ठरलं तसंच. पंचायतीची बॅटरी फक्त आवाजासाठी.

पाण्याचं आबांनी सांगितलं. जॅकवेलवरची (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवरची) मोटर बंद पडली की उंच टाकीत असेल तेवढंच पाणी. लोक नळ आला की हंडे, बादल्या, पिंप सगळं भरतात, टाकी एका सकाळीत रिकामी होते. म्हणून लाईट मोठी गेलीय हे कळल्याबरोबर वॉल्व्ह बंद करायचा आणि ठरल्या वेळी अर्धा तासच सोडायचं. हातपंप चालू आहेत, त्यातल्या शाळेजवळच्याला वायसर लागतोय. विहिरीचं पाणी वापरायची वेळ आली तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला ५ ग्रॅम. पावडर जुनी असली की तिचा दम जातो, त्यामुळे नवीन मागवली.

वायरमन दादांनी एकच गोष्ट तीन-तीनदा लिहून घ्यायला लावली. कुणीही जनरेटर घरच्या बोर्डात उलटा जोडायचा नाही. चेंजओव्हर स्विच (लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) नसेल तर एक्स्टेन्शन बोर्ड लावून थेट जनरेटरवरच वस्तू चालवायची. "खांबावर मी असतो," म्हणाले. पुढे बोलले नाहीत.

९ मे, शुक्रवार

परवा देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, सायरन आणि ब्लॅकआऊटसकट. महाराष्ट्रातल्या यादीत सांगली नव्हती. पण भारत-पाकिस्तान सीमेवर परवा पहाटेपासून जे चाललंय त्यामुळे गावात प्रत्येकाच्या फोनवर काहीतरी येतंय. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हा मेसेज माझ्याकडेच चार गटांतून आला. सरकारने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, ते मात्र एकाच गटात आलं.

भोंग्याचा संकेत ठरवायला बसलो. सायरनची सवय आपल्या जिल्ह्याला आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. एका आवाजावर सगळं गाव वागतं, कारण त्या आवाजाचा अर्थ एकच आहे आणि वेळ ठरलेली आहे. आमच्याकडे पाच-सहा संकेतांची यादी करायची टूम निघाली होती. लांब एक म्हणजे पाणी, तुटक तीन म्हणजे साप, वगैरे. आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, ती मोडून काढली. रात्री दोन वाजता घाबरलेल्या बाईला तुटक तीन की चार हे मोजायला लावू नका, म्हणाल्या. एकच संकेत ठेवला. भोंगा वाजला की ठरलेल्या जागी येऊन फळा वाचायचा, किंवा ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकायचं.

जागा कोणती, हे राहिलं. मारुतीचं देऊळ, पंचायत, शाळा, तिन्हीला आपापला गट आहे.

११ मे, रविवार

जुन्या माणसांकडे बसले. पूर्वी खबर कशी फिरायची ते विचारत होते.

ऐंशीच्या पुढचे एक तात्या. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट त्यांना लख्ख आठवते. कोयनेचा भूकंप. भांडी पडली, गोठ्यात जनावरांनी दावी तोडली. कोयनेची वीजकेंद्रं बंद पडून मुंबई अंधारात गेली, पण हे गावात कळायला वेळ लागला, कारण गावात तेव्हा बहुतेक घरांत लाईट नव्हतीच. "आमाला काय फरक? चिमणी व्हती ती पेटिवली." आता चिमणी पेटवायला रॉकेल नाही. गॅस असलेल्या कार्डाला ते केव्हाच बंद झालं.

मग दवंडीचं सांगितलं. कोतवाल कुठे कुठे थांबायचा, कोणत्या चौकात आवाज पुरायचा. मी थांबे लिहून घेतले, नकाशावर घालायचे आहेत. आणि तात्या सहज बोलून गेले, "पर खरी खबर डेरीवर मिळायची. अजून बी तितंच मिळती. म्हशीला काय लाईट लागतीया व्हय? लाईट असू दे नायतर नसू दे, धार काढायलाच लागती."

हे वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळत होतं. पुराचं पाणी अंगणात नाही तोवर, कर्फ्यू असो की लग्न असो, सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी सहा ते साडेसात गावातल्या बहुतेक घरांतून एक माणूस किटली घेऊन डेअरीवर येतो. दिवसातून दोनदा. बोलवायला लागत नाही. जागेचा वाद यातच मिटतो, डेअरीला गट नाही. फळा डेअरीवर लावायचा.

१७ मे, शनिवार

वॉकीटॉकीची चाचणी. आधी परवान्याचं बघितलं, कारण ऑनलाइन वाटेल ते विकलं जातंय आणि याच महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याबद्दल विक्री कंपन्यांना नोटिसा काढल्या आहेत. विनापरवाना वापरायला मोकळीक आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी ताकदीच्या संचांना. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना परीक्षा देऊन मिळतो. २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हॅमवाल्यांनीच पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर पोचवले होते. कॉलेजातल्या दोन मुलांना परीक्षेला बसवायचं ठरवलंय, पण तो लांबचा रस्ता.

संच एका माजी विद्यार्थ्याने आणून दिले. पाणंदीने मळ्याकडे चालत गेलो. गावठाणात आवाज स्वच्छ. खोडव्याच्या रानातून जाताना ठीक. आडसाली ऊस सुरू झाला, डोक्याच्या वर गेलेला, आणि खरखर वाढत वाढत शब्द तुटायला लागले. पानांतलं पाणी या लहरी खाऊन टाकतं. पाऊस पडून ऊस ओला झाला की आणखी. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पोचलो तेव्हा काहीच ऐकू येईना. तिथल्या पोराने संच घेऊन पाण्याच्या टाकीवर चढून बोलल्यावर एकदम लागला. तात्पर्य, संच उपयोगी आहेत, पण उंचावरून उंचावर. टाकीवर निसरड्या जिन्याने रात्री पावसात कुणी चढणार असेल तर नको. दिवसा, दोन ठरलेल्या वेळी, तेवढंच ठेवलं.

ट्रान्झिस्टर गावात बोटांवर मोजण्याइतके निघाले, त्यातल्या काहींत जुने सेल फुटून गंज चढलाय. नवीन फोनांपैकी बऱ्याच फोनांत एफएमच नाही, ज्यांत आहे त्यांना इअरफोनची वायर लागते, कारण तीच त्याची एरियल. ट्रॅक्टरवरच्या टेपांत मात्र रेडिओ आहे! आकाशवाणी सांगली तिथे लागते. मुलांनी यादी केली.

२१ मे, बुधवार

ट्रॅक्टरवर चार्जिंग. १२ व्होल्टच्या सॉकेटला दोन-तोंडी चार्जर लावून फोन भरले. मधूनमधून इंजिन चालवायचं, नाहीतर सेल्फ मारायला बॅटरी उरणार नाही. क्रम ठरला. आशाताई, पोलीस पाटील, बाळंतपण जवळ आलेलं घर, मग बाकीचे. फोन कसा वाचवायचा हेही कागदावर घेतलं. नेटवर्क नसताना फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातच उतरतो. म्हणून विमान मोडवर ठेवायचा, ठरल्या वेळी पाच मिनिटं काढायचा. फोन लागत नसेल तर एसएमएस करायचा. तो बारीक फटीतूनही जातो.

२७ मे, मंगळवार

सराव करायची वेळच आली नाही. पावसानेच घेतला.

यंदा मान्सून २५ मेलाच महाराष्ट्रात आला. त्याच रविवारी रात्री वारं असं सुटलं की पत्रे उडाले, आंब्याच्या फांद्या तारांवर पडल्या, आणि रात्री दहाच्या सुमारास सगळं काळं झालं. पलीकडच्या काठावरचे दिवेही दिसेनात, तेव्हा कळलं की हे आपल्या डीपीचं नाही. टॉवर पहाटेपर्यंत होता, मग गेला.

सोमवारी सकाळी सहाला डेअरीवर फळा लागला. डेअरीच्या दादांचं अक्षर सुंदर आहे:

"सोमवार, सकाळ ६. लाईट नाही. वायरमन रात्रीच बाहेर पडलेत, मुख्य लाईनचे खांब पडले आहेत असं त्यांनी सांगितलं. आज लाईट येणार नाही असं धरून चाला. पाणी ७ ते ७.३०, फक्त प्यायला आणि सैपाकाला. गिरणी बंद. पडलेल्या तारेला हात लावू नका, जनावर जवळ नेऊ नका. पुढची खबर संध्याकाळी ६ ला, इथेच."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं ठरलं. पुढची खबर कधी हे माहीत असलं की माणूस तोवर आपल्या कामाला लागतो. सकाळी साडेसहाला पावसात पोतं पांघरून आलेल्या एका काकींनी फळा पोराकडून वाचून घेतला, "संध्याकाळी सहा" दोनदा म्हणून घेतलं आणि वाटेत भेटेल त्याला तेवढंच सांगत गेल्या. मागे पुरात दर दहा मिनिटांनी कुणीतरी पंचायतीत येऊन विचारायचं, कर्मचाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. या वेळी पंचायतीच्या दारात गर्दी नव्हती.

दुपारी अफवा उठली की कोयनेतून पाणी सोडलंय. कोतवाल मामा थेट डेअरीवर गेले, फळ्यावर लिहिलं, "पाणी सोडल्याची सूचना आलेली नाही. आली तर भोंगा वाजेल." आणि जुन्या दवंडीच्या थांब्यांवर फिरून तोंडी सांगून आले. अफवेला उत्तर द्यायला ठरलेली जागा असली की ती तिथल्या तिथे खुंटते, हे प्रत्यक्ष दिसलं.

घराघरांतलं थोडं. पीठ संपलेल्यांनी भात आणि पिठलं केलं, पिठलंही ज्याच्याकडे डाळीचं पीठ होतं त्यानेच. एका घरी माळ्यावरचं जातं खाली काढलं. त्याचा खुंटा बसवायला सासूबाईंनाच बोलवावं लागलं, सुनेने ते कधी फिरवलंच नव्हतं. इन्सुलिन घेणारी दोन घरं आशाताईंच्या यादीत होती. उघडलेली बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते आणि पावसामुळे हवा गार होती, म्हणून घाबरायचं कारण नव्हतं. न उघडलेल्या बाटल्या मडक्यात मडकं, मधे ओली वाळू, अशा ठेवल्या. डेअरीवर दूध थंड करणारी टाकी जनरेटरवर चालली, टँकर उशिरा का होईना आला, त्यामुळे दूध वाया गेलं नाही. फॅटचं मशीन त्याच्या बॅटरीवर चाललं, पावत्या निघाल्या.

आज संध्याकाळी लाईट आली. वायरमन दादा दोन रात्री झोपलेले नाहीत. त्यांना घरी सोडायला सरपंचताई स्वतः गाडी घेऊन गेल्या.

५ जून, गुरुवार

पावसातल्या दोन दिवसांवर बैठक. बहुतेकांनी फळ्याचं कौतुक केलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या एक वहिनी शेवटपर्यंत गप्प होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, "तुमची खबर आमच्यापर्यंत आली, दूधवाल्या पोरानं सांगितली. पर आमची खबर तुमच्याकडं कोण नेणार हुतं? आमच्या आत्याला सोमवारी रात्री धाप लागली. फोन न्हाय. मालक पाण्यातनं चालत आले तवा आशाताईंना कळलं."

आत्या आता बऱ्या आहेत. पण या प्रश्नानंतर बाकीचे मुद्दे बाजूला ठेवले.

फळा, भोंगा, रेडिओ सगळे गावाकडून घराकडे बोलतात. घराकडून गावाकडे काय येतं? डेअरीचे दादा जागेवरून उठून म्हणाले, "किटली येती की." आणि मग सगळं तिथूनच जुळत गेलं. वस्तीवरून दूध गोळा करणारं पोरगं मोटरसायकलवर रोज दोनदा येतं, ओढ्याला पाणी असलं तर पुलावरून वळसा घालून येतं. त्याच्या प्रत्येक कॅनला घराचा नंबर आहे. किटलीच्या कडीला लाल चिंधी बांधली की डेअरीवर कळलं, या घरी आजारी आहे किंवा मदत लागतेय. दादा रजिस्टरला दूध लिहितात तेव्हाच चिंधी बघतील आणि आशाताईंना निरोप जाईल.

त्याहून महत्त्वाचं कोतवाल मामांनी जोडलं. ज्या घरची किटली रोज येते ती आली नाही, तर काहीतरी झालंय. निरोप नसणं हाच निरोप. दादांचं रजिस्टर तर रोज हे सांगतंच, कोण आलं नाही ते त्यांना सात वाजताच ठाऊक असतं. फक्त ते बघून कुणीतरी उठून जायला हवं. ठराव लिहिला: मोठी लाईट गेलेली असताना, साडेसातपर्यंत किटली आली नाही तर आठच्या आत त्या घरी माणूस पोचेल. कोण, हे गल्लीनिहाय ठरलं.

२४ जून, मंगळवार

ज्यांच्याकडे दुभतं जनावर नाही त्यांचं काय? आशाताईंकडे घरांची यादी आहेच. अशा प्रत्येक घराला शेजारच्या एका किटलीशी जोडलं. शेजारीण दूध घालायला निघताना आवाज देणार, ओ आली तर ठीक. बहुतेकांनी हे आनंदाने घेतलं. दोन घरांत बोलणं नाही, बांधाच्या भांडणावरून वर्षानुवर्षं. तिथे तिसरी किटली शोधली.

ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर येणाऱ्या कुटुंबांची पालं या यादीत येत नाहीत. ती हंगामात येतात, तेव्हा डेअरीत त्यांचं दूध नसतं आणि शेजारही नसतो. मुकादमाचं नाव आणि पालांची जागा ऑक्टोबरनंतर दर पंधरवड्याला लिहून घ्यायची जबाबदारी मी घेतली.

१९ जुलै, शनिवार

चिंध्या वाटून झाल्या. लाल कापड बचत गटाच्या बायकांनी फाडून दिलं. कॅनच्या कडीला आधीच सैल बांधून ठेवायची चिंधी, गाठ वर सरकवली की मदत हवी, खाली असली की ठीक. अंधारात बोटाने कळते. दादांनी स्वतः चाचपून बघून हे ठरवलं.

वस्तीवरच्या वहिनींच्या मालकांनी संच वापरायला शिकून घेतला. टाकीऐवजी ते घराच्या धाब्यावर उभे राहतात, तिथून सकाळी आठला पंचायतीशी बोलणं होतं, ऊस वाऱ्याने आडवा पडल्यापासून आवाज अधिक बरा येतो.

कागद छापून आला, एका बाजूला वेळा, दुसऱ्या बाजूला टीसीएलचं प्रमाण, जनरेटरचा इशारा, विजेच्या तक्रारीचा १९१२ आणि तातडीच्या मदतीचा ११२. वेळा मोठ्या अक्षरांत आहेत.

राहिलेली कामं: शाळेजवळच्या हातपंपाचा वायसर अजून बदललेला नाही. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर सोमवारी. डेअरीच्या दादांना ऑगस्टमध्ये मुलीकडे जायचंय, त्या आठवड्यात रजिस्टर कोण बघणार ते ठरवायचं. त्यांनी आपल्या पुतण्याचं नाव सुचवलंय. पोरगं सकाळी पाचला उठतं का, हे आधी त्याच्या आईला विचारते.